अल्कलाइन पाणी पिऊन रक्त अल्कलाइन होत नाही

‘कर्करोग फक्त आम्लधर्मी शरीरात वाढतो. सामू ९ असलेलं अल्कलाइन पाणी प्या आणि रक्त अल्कलाइन ठेवा. ओटो वॉरबर्ग यांना १९३१ साली याच शोधासाठी नोबेल मिळालं. लिंबूही पोटात गेल्यावर अल्कलाइन होतं. खात्री हवी तर पट्टीने लघवी तपासा.’ हा संदेश कितीदा तरी पुढे पाठवला जातो. जीवशास्त्र नुकतंच शिकू लागलेल्यांनी तो जरूर तपासून पाहावा, कारण त्यासाठी लागणारं रसायनशास्त्र सुरुवातीच्या धड्यांतच असतं.

आधी पाण्याचा हिशोब. सामू (pH) हे आम्ल-अल्कलीचं माप: ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कलाइन. सामू ९ म्हणजे लिटरमागे ०.००००१ मोल (मोल हे कणांची संख्या मोजायचं एकक) हायड्रॉक्साइड आयन. जठररसाचा सामू २ धरला, तर त्यात लिटरमागे ०.०१ मोल हायड्रोजन आयन असतात, म्हणजे हजारपट. त्यामुळे असं एक लिटर पाणी जेमतेम एक मिलिलिटर जठररस उदासीन करू शकतं. पाण्यात बायकार्बोनेट (खायच्या सोड्यातला आम्ल शोषणारा आयन) असेल तर आकडा बदलेल. पण मग प्रश्न बायकार्बोनेटचा होतो, बाटलीवर छापलेल्या ९ चा नव्हे.

समजा, थोडा अल्कली रक्तात पोचलाच. पुढे काय? रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात असतो, म्हणजे ते मुळातच किंचित अल्कलाइन आहे. सामूचं माप लॉगरिदमिक (एका अंकाचा फरक म्हणजे दहापट) असल्याने ७.४ वरून ७.१ वर येणं म्हणजे हायड्रोजन आयन दुप्पट होणं. हे आयन प्रथिनांच्या काही अमिनो आम्लांना चिकटतात किंवा सुटतात, त्यांचा विद्युतभार बदलतो, प्रथिनाची घडी बदलते आणि एन्झाइमचं काम बिघडतं. म्हणूनच शरीर हा पट्टा इतक्या कसोशीने सांभाळतं. आम्ल वाढलं की बायकार्बोनेट हायड्रोजन आयन पकडतं, त्यातून कार्बोनिक आम्ल आणि पुढे पाणी व कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो वायू फुप्फुसं बाहेर टाकतात. अल्कली वाढला तर मूत्रपिंडं जादा बायकार्बोनेट लघवीवाटे काढून टाकतात. मला तर जीवशास्त्रातल्या सगळ्यांत सुंदर यंत्रणांपैकी ही एक वाटते.

रक्त खरोखरच जास्त अल्कलाइन झालं तर काय होतं, हेही ठाऊक आहे. घाबरून कोणी भराभर श्वास घेत राहिलं की कार्बन डायऑक्साइड घटतो आणि सामू वर चढतो. मग रक्तातलं अधिक कॅल्शियम प्रथिनांना बांधलं जातं. बोटांना मुंग्या येतात, स्नायू आखडतात. हे आरोग्याचं लक्षण खचितच नाही.

जर्मन शास्त्रज्ञ वॉरबर्ग यांना १९३१चं नोबेल मिळालं, इतकंच त्यातलं खरं. ते पेशीश्वसनातल्या एन्झाइमचं स्वरूप आणि कार्यपद्धती शोधल्याबद्दल होतं. अनेक कर्करोगपेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजपासून भरपूर लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं रूप) बनवतात, हे निरीक्षणही त्यांचंच. पण संदेशात कार्यकारणभाव उलटा झाला आहे. गाठीभोवतीची आम्लता बऱ्याच अंशी त्या पेशींच्याच चयापचयातून येते, आणि पेशींच्या आतला सामू बहुधा किंचित अल्कलाइनच असतो. प्रयोगशाळेत तर १९५१पासून हेला या कर्करोगपेशी वाढवल्या जात आहेत, त्याही साधारण ७.४ सामूच्या द्रवात! अल्कलाइन वातावरणात त्या जगत नाहीत, या दाव्याला याहून थेट उत्तर नाही. आजारी माणसाने या आशेवर उपचार लांबवणं फार महागात पडू शकतं.

लिंबाचं म्हणाल, तर पोटात ते आम्लच राहतं. सायट्रिक आम्लाचं पुढे पेशींमध्ये पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. त्यातल्या सायट्रेट क्षारांतून मात्र बायकार्बोनेट बनतं आणि लघवीचा सामू वाढू शकतो.

आणि पट्टी मोजते ती लघवीच. तिचा सामू साधारण ४.५ ते ८ एवढा खालीवर होतो, कारण रक्ताला नको असलेलं आम्ल किंवा बायकार्बोनेट मूत्रपिंडं तिच्यात टाकत असतात.