ग्रॅनाइटचा ओटा फोडू नका

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. ग्रॅनाइटच्या ओट्यातून रेडॉन वायू निघतो, तो रोज दहा सिगारेटी ओढण्याइतका घातक आहे. ओटा काढा, नाहीतर कोटिंग मारून घ्या आणि खिडक्या लावून एसी चालवा. सोबत व्हिडिओ आहे. ओट्याला यंत्र टेकवलं की टिकटिक वाढते.

रेडॉनने फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हे खरं आहे. 1988 मध्येच त्याची नोंद कर्करोगकारकांत झाली. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून हा वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. त्यापासून बनणारे किरणोत्सारी कण श्वासाबरोबर आत जाऊन फुप्फुसाच्या अस्तराला चिकटतात आणि तिथेच अल्फा किरण सोडत राहतात. म्हणून हा विषय हसण्यावारी नेऊ नये.

पण व्हिडिओतली टिकटिक रेडॉनची नाही. ग्रॅनाइटमध्ये पोटॅशियम, थोरियम, थोडं युरेनियम असतं. दगडातून थेट येणारे त्यांचे किरण ते यंत्र मोजतं. हवेतला रेडॉन दिवसागणिक, ऋतूगणिक बदलतो. तो नीट मोजायचा तर खोलीत डिटेक्टर दोन-तीन महिने ठेवावा लागतो. ओट्यातून रेडॉन निघतो, पण अगदी थोडा. घरातला बहुतेक रेडॉन येतो जमिनीतून, फरशीच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून. चौदाव्या मजल्यावर जमीन कुठली? शिवाय ठाणे शहराखाली काळा बेसॉल्ट खडक आहे, त्यात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी.

आता दहा सिगारेटी. युरोपातल्या 13 अभ्यासांचं एकत्र विश्लेषण 2005 मध्ये आलं. कधीच सिगारेट न ओढणाऱ्याला 75 वर्षांपर्यंत फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण येण्याचा धोका रेडॉन नसताना 0.4 टक्के, आणि हवेत घनमीटरला 100 बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) रेडॉन असेल तर 0.5 टक्के. सिगारेट ओढणाऱ्याला हेच आकडे 10 आणि 12. ओट्याच्या काळजीत झोप उडालेल्या घरात कुणी बाल्कनीत सिगारेट ओढत असेल, तर आधी ती सुटायला हवी. ओट्याचे पैसे वाचतील ते वेगळेच.

खिडक्या बंद करण्याचा सल्ला तर उलटाच आहे. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो, रेडॉन साचतो. खिडकी उघडली की तो विरतो.

खरंच काळजी करायची तर जमिनीला टेकलेल्या, बिनखिडकीच्या खोल्यांची करा. कितीतरी सोसायट्यांत वॉचमन बेसमेंटमधल्या पंपरूमशेजारी झोपतात. मेसेजमध्ये त्यांचं नावही नाही. कोटिंगवाल्याला बोलावण्याआधी कमिटीला सांगून त्या खोलीत एक्झॉस्ट फॅन बसवून घ्या, भेगा बुजवून घ्या. जमलं तर त्यांची झोपायची सोयच वर करा.