तीन बोटं

6 डिसेंबरला दीक्षाभूमीवर रीघ लागलेली असते. मीही दरवर्षी जातो. याच तारखेला, 2020 साली, दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेचे माजी राष्ट्राध्यक्ष डॉ. ताबारे वास्केस गेले. वय 80, फुप्फुसाचा कॅन्सर. जन्मभर कॅन्सरच्याच पेशंटांवर उपचार केलेला माणूस.

आपल्याकडे हे नाव कुणाला माहीत नाही. नागपुरात तरी माहीत असायला हवं, कारण इथे चौकाचौकात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुन्याचा खर्रा घोटला जातो.

माँटेव्हिडिओच्या ला तेहा या कामगारवस्तीत ते वाढले. वडील सरकारी तेल शुद्धीकरण कारखान्यात. आई, वडील, बहीण, तिघंही कॅन्सरने गेले. पोरगा 1969 मध्ये डॉक्टर झाला आणि कॅन्सरच्याच उपचारांकडे वळला. पुढे राजकारण, राजधानीचं महापौरपद, दोनदा हार, आणि 1 मार्च 2005 ला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ. देशातले पहिले डावे राष्ट्राध्यक्ष. त्या खुर्चीत बसूनही त्यांनी पेशंट तपासणं सोडलं नाही. मला सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते.

बरोबर एका वर्षाने, 1 मार्च 2006 ला, बंदिस्त सार्वजनिक जागी सिगारेट ओढायला बंदी आली. लॅटिन अमेरिकेत असं करणारा हा पहिला देश. 'लाइट' हा शब्द पाकिटावरून काढायला लावला, तर कंपन्यांनी सोनेरी, निळी, चंदेरी पाकिटं आणली. लोकांना वाटावं, यातली एखादी कमी घातक. मग सरकारने नियम केला: एका ब्रँडचा एकच प्रकार विकायचा, आणि पाकिटाचा 80 टक्के भाग इशाऱ्याच्या चित्राला. रोग पळवाट कशी काढतो हे ज्याने रोज पाहिलं आहे, त्यालाच हे सुचतं.

2010 मध्ये या नियमांवरून फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने या जेमतेम 35 लाख वस्तीच्या देशाला आंतरराष्ट्रीय लवादात खेचलं. कंपनीची वर्षाची विक्री त्या अख्ख्या देशाच्या उत्पन्नापेक्षा मोठी. उरुग्वे मागे हटला नाही. जुलै 2016 मध्ये निकाल उरुग्वेच्या बाजूने लागला, वर खर्चापोटी 70 लाख डॉलर द्यायचा हुकूम कंपनीला झाला. तेव्हा वास्केस दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष होते.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. 2008 मध्ये संसदेने मंजूर केलेला गर्भपाताचा कायदा त्यांनी नकाराधिकार वापरून अडवला. बायकांच्या शरीराचा निर्णय त्यांनी स्वतःच्या हातात घेतला, आणि ते चूकच होतं असं मी म्हणेन.

पण तंबाखूचं म्हणाल तर मला माझा मामा आठवतो. ओपीडीतल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं, "तीन बोटं उभी धरून तोंडात घाला." तीन जायला हवीत, एकच गेलं. मामा दुसरं बोट दातांवर दाबत राहिला, जबडा उघडेना. तो घरी वरण-भात पातळ करून खायचा आणि आम्हाला वाटायचं, दात दुखत असतील. पुढे जबड्याचं ऑपरेशन झालं. दीड वर्षात मामा गेला.

महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे, नंतर खर्रा-मावाही तिच्यात आला. तरी संध्याकाळी ठेल्यावर उभं राहून बघा. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीवर घोट घोट घोटायचं, गुंडाळायचं, रबर लावायचं. सिगारेटच्या पाकिटावर आपल्याकडे 85 टक्के चित्र असतं. या पन्नीवर काय असतं? काहीच नाही. कंपनी नाही, पाकीट नाही, मग खटला तरी कुणावर भरायचा? म्हणून इथला कायदा अशाच माणसाने करावा ज्याने असं न उघडणारं तोंड जवळून पाहिलं आहे. ठेलेवाल्याला दंड ठोकून हे थांबत नाही, त्याला दुसरा धंदाही उभा करून द्यावा लागेल. आणि शाळेच्या तपासणीत डोळे-दात बघतात, तशी ही तीन बोटंही बघायला पाहिजेत.

गेल्या रविवारी मामाच्या पोराच्या शर्टाच्या खिशात पन्नी दिसली. वय 24. म्हणाला, "दादा, दिवसाचा एकच खातो ना बाप्पा." मी त्याला तिथेच ओसरीवर बसवलं आणि तीन बोटं घालायला लावली. दोनच गेली. मामी दारात उभी होती, ती काहीच बोलली नाही. मंगळवारी सकाळी त्याला ओपीडीत घेऊन जातोय.