तुमची पाखरं

पाखरांना पाणी ठेवलं की ती पाखरं कायदेशीररीत्या आपली होतात, हे मला आज सकाळी सात वाजता, दात घासता घासता कळलं.

तसं मी फार काही केलेलं नाही. परसात मातीचं पसरट ताट, त्यात बोटाची दोन पेरं पाणी, आणि लहान पाखराला पाय टेकता यावा म्हणून मधे एक दगड. ताट रोज घासायचं, पाणी रोज बदलायचं, नाहीतर पाखरांआधी डासांची सोय होते. जास्वंद आहे, कढीपत्ता आहे, कंपाउंडलगत तुती आहे. औषध फवारणं बंद केलं, कारण बुलबुल स्वतः फळांवर ताव मारतो, पण पिल्लांना अळ्या-किडे भरवतो. खिडकीच्या काचेत आभाळ दिसतं आणि पाखरं येऊन थडकतात, म्हणून काचेला बाहेरून दोन-दोन इंचांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. त्या बघून आमच्या आत्यानं बायकोला आत नेऊन हळूच विचारलं, "काच तडकलीया व्हय गं? पैशाची अडचण आसली तर सांगायचं न्हाई का?"

ते असो. मुद्दा शेजारच्या आप्पांचा आहे.

आप्पांची नवी पांढरी गाडी आमच्या भिंतीला चिकटून, आमच्या तुतीच्या सावलीत उभी असते. स्वतःच्या दारात लावत नाहीत, तिथं ऊन असतं. तर आज हाक आली, "सर, हिकडं या जरा."

तोंडात फेस घेऊन गेलो. बॉनेटवर एक जांभळा ओघळ. मधे पांढरा ठिपका, कडेनं मोहरीहून बारीक बिया. आप्पांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, खाली वाकले आणि खराट्याच्या काडीनं एक बी अलगद बाजूला सरकवलं.

"ह्ये काय हाय?"

"शिट आहे."

"त्ये मलाबी कळतंय. रंग सांगा."

"जांभळा."

"आता सांगा, तुती कुणाच्या दारात हाय?"

मी म्हटलं, तुती माझी, पण हे काम बुलबुलाचं दिसतंय.

"बुलबुल कुणाचा?"

"कुणाचाच नाही. रानपाखरू आहे ते."

"आसं कसं? तुमच्यात पाणी पितंय, तुमच्यात जेवतंय, तुमच्यात आंघोळ करतंय. आंघोळीला एवढा रंकाळा पडलाय, तिकडं का जात न्हाई त्ये?"

याला उत्तर नव्हतं. मी विषय फिरवला. "आप्पा, गाडी झाडाखाली लावताच कशाला?"

"सावली हाय म्हणून. उन्हात लावून रंग घालवू व्हय?"

म्हणजे सावली देवाची आणि शिट माझी. एवढ्यात भिंतीवर सुलतान अवतरला. हा आप्पांच्या दारात वाढलेला, धष्टपुष्ट, तालमीतून नुकताच आल्यागत चालणारा बोका. मागं दयाळाचं पिल्लू नुकतं उडायला शिकत होतं, ते यानं माझ्या डोळ्यांदेखत नेलं. म्हटलं, आता सापडले.

"आप्पा, हा बोका तुमचा ना?"

"माझा कुठला? नुसतं दूध पितंय माझ्यात."

आणि हे म्हणताना चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी शेवटचं हत्यार काढलं. म्हटलं, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, रानपाखरं पाळताही येत नाहीत, मग ती माझी कशी होतील? त्यांना संरक्षण सरकारचं आहे.

"मग सरकारला बोलवा गाडी पुसायला," असं म्हणून आप्पांनी नळीचं तोंड माझ्या हातात दिलं.

पुसली. काय करणार? सुलतान भिंतीवरून बघत होता. डाग वाळलेला होता, त्यावर ओलं फडकं ठेवून थांबावं लागतं, घासलं तर चरे पडतात. हे ज्ञानही आप्पांनीच दिलं. म्हणजे पुसायचं कसं हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

राग गाडीचा नाही. हेच आप्पा दर २० मार्चला, चिमणी दिवसाला, 'चिऊताई, परत ये' असा मेसेज पाठवतात. कुठं यावं तिनं? कौलं गेली, वळचणी गेल्या, उरलेल्या फटी सिमेंटनं लिंपल्या. अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक, म्हणजे चिमणीला धुळीत लोळायला ओंजळभर माती नाही आणि पिल्लाच्या चोचीत घालायला एक अळी नाही. आमच्या गल्लीत पानं पडतात म्हणून झाडं छाटतात आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसून 'पूर्वी काय पाखरं असायची!' म्हणून उसासे टाकतात. त्या उसाशांत आप्पांचा उसासा सगळ्यात लांब असतो. मी तिथंच बसलेला असतो आणि मान हलवतो, कारण कॉलनीत राहायचं आहे.

गाडी पुसून झाल्यावर आप्पा तुतीकडं बघत म्हणाले, "पिकल्यात जणू. नातवाला वाटीभर द्या की." दिली. वाटी अजून परत आलेली नाही.

दुपारी कॉलनीच्या ग्रुपवर माझा गाडी पुसतानाचा फोटो पडला. खाली मजकूर : 'सरांनी त्यांच्या पाखरांची जबाबदारी स्वीकारली. अभिनंदन.' लोकांनी धडाधड अंगठे दिले. त्यात माझ्या बायकोचाही होता. मग पलीकडच्या गल्लीतल्या एकांचा निरोप आला, ज्यांना मी नीट ओळखतही नाही :

'सर, आमच्या सोलरवरबी जांभळंच पडलंय. रविवारी सवडीनं या. शिडी मातुर तुमची आणा.'