सॅम्पलची साडेसाती

सोलापुरात राहून टॉवेलचं सॅम्पल चीनहून मागवायला छाती लागते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुठल्याही कारखान्याच्या दारात हात लांब केला तरी हाताला टॉवेल लागतो, हे मला मान्य आहे. पण हाताला लागलेल्या टॉवेलचं कौतुक कुणाला? सॅम्पलला कसा ट्रॅकिंग नंबर हवा. तो चहाच्या टपरीवर चार जणांना दाखवता आला पाहिजे. तेव्हा धंद्यात काही नवीन करायचं तुमच्या डोक्यात असेल तर माझं ऐका. माझ्या माळ्यावर परदेशी सॅम्पलची दोन पिंपं भरलेली आहेत. माल एकदाच मागवला. त्याचं पुढं सांगतो.

पहिली गोष्ट, उठून कुठं जाऊ नका. ग्वांगझूला १९५७ पासून वर्षातून दोनदा मोठी जत्रा भरते, यिवूला बारीकसारीक वस्तूंचा जगातला सगळ्यात मोठा बाजार आहे, वगैरे लोक सांगतील. तिथं गेलात तर माल हातात घेऊन चुरगाळून बघावा लागेल, मग पुढचं सगळंच बिघडलं. त्यापेक्षा रात्री जेवण झाल्यावर खाटेवर आडवं व्हा आणि मोबाइलवर फोटो बघा. फोटोतला टॉवेल शंभर टक्के मऊ असतो.

चौकशी टाकली की उत्तर येतं. पाठवणारीचं नाव लिली असतं. लिली नसली तर कोको. ती तुम्हाला ‘डिअर’ म्हणते. घाबरू नका, ती सगळ्यांनाच म्हणते, पण हे घरी आधीच सांगून ठेवा. तिचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं असतं. म्हणजे आपण भाकरी खाऊन निवांत बोलायला बसतो तेव्हा तिकडं मध्यरात्र झालेली असते. तरी ती उत्तर देते. आपल्या कारखान्यात दुपारी चारलासुद्धा कुणी फोन उचलत नाही, या विचारानंच माणूस निम्मा पाघळतो.

‘तुम्ही कारखानदार की दलाल?’ असं मात्र चुकूनही विचारू नका. अपमान होतो. त्याऐवजी पाच वेगवेगळ्या कंपन्यांकडून पाच सॅम्पलं मागवा, म्हणजे तुलना करता येते. मी केली होती. पाचही टॉवेलांचं लेबल डाव्या कोपऱ्यात, तेही तिरकं, आणि प्रत्येकाला तिसऱ्या टाक्यावर दोरा सुटलेला. पाच लिली, पाच कंपन्या, आणि शिलाई मारणारा गडी एकच. पण तुलना झाली. डिअर म्हणण्यात कोको उजवी होती.

आता पैशाचं. ‘सॅम्पल फ्री’ असं लिहिलेलं दिसलं की लगेच हो म्हणा. खाली बारीक अक्षरात भाडं तुमच्याकडं असतं, ते वाचत बसू नका. सहा टॉवेल आहेत, वजन फार तर अडीच किलो, असा हिशेब तुम्ही कराल. कुरिअरवाला तसा हिशेब करत नाही. तो खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणतो आणि ५००० नं भागतो. चाळीस गुणिले तीस गुणिले तीस, म्हणजे ३६०००. भागा. ७.२ किलो. पुढं अर्ध्या किलोला पूर्ण करायची पद्धत असल्यामुळं साडेसात. साडेसाती शनीची असते असं आजवर ऐकत आलो होतो. माझी पुठ्ठ्याच्या खोक्यातनं आली. टॉवेल दाबून, पिशवीतली हवा काढून लहान खोक्यात भरा, एवढं एक वाक्य लिलीला लिहिलं असतं तर निम्म्यात काम झालं असतं. पण मऊ टॉवेल दाबायला जीव कसा होईल?

बँकेतनं पैसे पाठवणार असाल तर एक अख्खी सकाळ मोकळी ठेवा. वीस डॉलर पाठवायचे म्हटल्यावर काउंटरवरचा माणूस आधी तुमच्याकडं बघतो, मग घड्याळाकडं. फॉर्म, इन्व्हॉइस, कशासाठी पाठवताय त्याचा कोड. इकडच्या बँकेचा आकार वेगळा, मधल्या बँकेचा कट वेगळा. चार दिवसांनी लिली कळवते की तिला पैसे थोडे कमी मिळाले, उरलेले तीन डॉलर पाठवा. ते पाठवायला परत तेवढाच खर्च. पाठवा. शब्दाला जागणारे आपण.

कस्टम्स ही खरी मजेची जागा. तिथं हुशारी दाखवल्याशिवाय राहू नका. लिली स्वतःच विचारेल, ‘डिअर, किंमत किती लिहू?’ एक डॉलर सांगा. नाहीतर ‘व्यापारी मूल्य नाही’ असं लिहायला लावा, फुकटच्या वस्तूला कसली ड्युटी? पलीकडच्या साहेबानं मात्र आयुष्यात टॉवेल बघितलेले असतात. किंमत तो स्वतःच्या अकलेनं धरतो, आणि खोटी किंमत लिहिलेला माल जप्त करायची सोय १९६२ च्या कायद्यात करून ठेवलेली आहे. मग तुम्हाला दुसरी युक्ती सुचेल, भेटवस्तू म्हणून मागवायची. ती आपल्या आधी इतक्या जणांना सुचली की डिसेंबर २०१९ मध्ये सरकारनं पोस्टानं आणि कुरिअरनं बिनड्युटीच्या येणाऱ्या परदेशी भेटी बंदच करून टाकल्या. सूट ठेवली ती जीव वाचवणाऱ्या औषधांना आणि राखीला. राखीसोबतच्या भेटवस्तूला नाही, नुसत्या राखीला. तेव्हा लिली राखी विणायला तयार असेल तर बघा.

मग प्रश्न येतो की हा टॉवेल आहे की फडकं. हसू नका. कस्टम्सच्या यादीत प्रत्येक मालाला एक आकडा असतो. अंग पुसायचा असेल तर तो ६३०२ मध्ये बसतो. फरशी, भांडी, धूळ पुसायचं असेल तर ६३०७ मध्ये. मायक्रोफायबरच्या तुकड्याला स्वतःला ते माहीत नसतं. माझ्या खोक्यावर लिलीनं ‘क्लॉथ’ एवढंच लिहिलं होतं. तेवढ्यावरनं कुरिअर ऑफिसच्या पोरानं फोन करून मला विचारलं, ‘मालक, हे नक्की कुठं पुसायचं आहे?’ सभ्य माणसानं काय सांगावं?

त्याच फोनवर तो तुमचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, मागेल. पॅनवर निघतो, पाचशे रुपयांत, घरबसल्या. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत करायचा असतो. ते मात्र लक्षात ठेवू नका, जुलैत खोकं मुंबईत अडकलं की आपोआप आठवतं. घाईघाईत कुरिअरवाल्याला स्वतःचं आधार पाठवून मोकळे व्हा. जीएसटी नंबर कागदावर लागला नाही तर भरलेल्या आयजीएसटीचं, म्हणजे आयातीवरच्या जीएसटीचं, क्रेडिट मिळत नाही, असं सीए नंतर सांगेल. सीएचं कामच ते आहे, नंतर सांगणं.

वेळेचं भान सोलापूरकराला शिकवायला नको. दिवाळीचा माल धरायचा तर सॅम्पलची आठवण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काढा. १ ऑक्टोबरपासून त्यांच्याकडं आठवडाभर राष्ट्रीय सुट्टी असते. ते चुकलं तर संक्रांतीतली आपली गड्ड्याची जत्रा उरकून निवांत ऑर्डर द्या. नंदीध्वज परत जातात, दुकानं उठायला लागतात, तोवर त्यांचं नवीन वर्ष येतं. लिली गावी जाते आणि कारखाने पंधरा-पंधरा दिवस बंद. त्या दिवसांत मोबाइल सारखा बघायची सवय लागते. मित्र रस्त्यात भेटला की विचारतो, ‘काय बे, आलं का तुझं पार्सल?’ आपण म्हणायचं, ‘मुंबईपर्यंत आलंय.’

आणि एक दिवस खरंच येतं.

माझं आलं तेव्हा त्यात एक बांबूचा टॉवेल होता. खरोखर सुरेख. पिस्त्याच्या रंगाचा, हाताला मांजरासारखा. आमच्या जॉबर अण्णांना, म्हणजे मागांवरच्या मुकादमाला, दाखवला. चाळीस वर्षं मागावर गेलेला माणूस. त्यांनी काही न बोलता एक लूप उपटला, सुताला पीळ दिला आणि काडी ओढली. बांबूचं सूत कागदासारखं भुरभुर जळायला हवं, राख बोटानं उडायला हवी. हे सूत आक्रसलं, काळा धूर निघाला आणि टोकाला पॉलिएस्टरसारखी मोहरीएवढी कडक गोळी धरली. अण्णांनी ती नखावर टक्‌टक् वाजवून दाखवली. ‘मालक, हा बांबू बाटलीतला हाय,’ म्हणाले आणि मागाकडं निघून गेले. अशी माणसं कारखान्यात असतील तर पार्सल घरी फोडा.

एकदा मागवलेला माल राहिला. सॅम्पल पास केलं तेव्हा मी स्वतः गोल कटरनं तुकडा कापून वजन केलं होतं. कटर बरोबर शंभर चौरस सेंटिमीटरची चकती काढतो, तिचं ग्रॅममधलं वजन गुणिले शंभर, की झाला जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम ते. साडेचार ग्रॅम, म्हणजे ४५०. मी खूश. दोन सारखे नग घेऊन दोन्हींवर सही करावी, एक सील करून त्यांच्याकडं, एक आपल्याकडं, माल भरायच्या आधी तिकडं तपासणारा माणूस उभा करावा, असं एकानं सुचवलं होतं. मी म्हटलं, लिलीवर अविश्वास? माल आला, गाठ फोडली, त्याच कटरनं चकती कापली. ३.६. काटा बंद करून परत चालू केला. तरी ३.६. लिलीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘डिअर, सॅम्पल वेगळ्या लॉटमधलं होतं.’ यात खोटं काय आहे सांगा. ते टॉवेल शेवटी एका लॉजवाल्यानं घेतले. कशाच्या भावानं, ते विचारू नका.

परवा लिलीचा मेसेज आला. यावेळी उलटाच. तिच्याकडच्या एका गिऱ्हाइकाला सोलापुरी चादर हवी आहे, मोराच्या डिझाइनची, एक सॅम्पल पाठवाल का, भाडं आम्ही देऊ. मी लगेच गोदामात गेलो. अण्णांनी वरची चादर उचलली. मी म्हटलं, ही नको, हिची किनार ओढलीय. दुसरी काढली, तिच्यात मोराची मान जरा जाड. तिसरी, चौथी. शेवटी अण्णांनी जुना चांगला ताणा असलेल्या मागावर स्वतः उभं राहून एक विणून काढली. नुसती बघत राहावी अशी झाली. इस्त्री केली, हवा काढून लहान खोक्यात भरली.

खोक्याला चिकटपट्टी लावताना अण्णा म्हणाले, ‘मालक, तिनं पाचशे मागितल्या तर?’

‘अण्णा,’ मी म्हटलं, ‘आधी पार्सल तर जाऊ द्या.’