‘शब्द फक्त ७ टक्के’ हे मुलांना शिकवणं थांबवा

कॅम्पस मुलाखतींचे दिवस जवळ आले की नाशिकच्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. व्यक्तिमत्त्व विकासाच्या कितीतरी वर्गांत तोच मजकूर स्लाइडवर झळकतो. थोडक्यात तो असा: ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हार्वर्डच्या संशोधनाने हे सिद्ध झालंय. काय बोलता याला किंमत नाही, कसं बोलता याला आहे. देहबोली कधी खोटं बोलत नाही. म्हणून मुलाखतीला जाताना शब्दांवर वेळ घालवू नका.’

मी याच शहरात संवादकौशल्य शिकवते. या मजकुराचं एकेक वाक्य घेऊन उत्तर देते आहे, कारण त्याची किंमत मोजणारी मुलं रोज माझ्यासमोर बसलेली असतात.

‘हार्वर्डच्या संशोधनाने सिद्ध झालंय’

हार्वर्डचा इथे काही संबंध नाही. हे आकडे अल्बर्ट मेहरेबियन या मानसशास्त्रज्ञाचे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना, १९६७ साली, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. ७-३८-५५ हे सूत्र त्या दोन निबंधांचे निष्कर्ष एकत्र करून निघालं.

‘शब्द ७, आवाज ३८, देहबोली ५५’

त्या प्रयोगांत नेमकं काय केलं होतं ते पाहा, म्हणजे अर्धं काम होतं.

पहिल्या प्रयोगात एकेकटे सुटे शब्द होते. ‘हनी’, ‘थँक्स’ असे गोड, ‘मेबी’, ‘रिअली’ असे मधले, ‘ब्रूट’, ‘टेरिबल’ असे कडवट. ते वेगवेगळ्या सुरात ध्वनिमुद्रित केले आणि ऐकणाऱ्यांना विचारलं, बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याबद्दल काय भावना असेल? गोड शब्द कडवट सुरात आला की लोक सुरावर विश्वास ठेवत. दुसऱ्या प्रयोगात शब्द एकच, ‘मेबी’. तो तीन तऱ्हांच्या सुरात ऐकवायचा आणि सोबत चेहऱ्याचा फोटो दाखवायचा. तिथे चेहऱ्याचा प्रभाव सुराहून जास्त निघाला, साधारण तीनास दोन.

म्हणजे वाक्य नव्हतं, संभाषण नव्हतं, माहिती तर नव्हतीच. सहभागी मोजके होते. शब्द, सूर आणि चेहरा हे तिन्ही एकाच प्रयोगात एकमेकांसमोर कधी ठेवलेच नाहीत. पहिल्या प्रयोगातलं शब्द-सूर प्रमाण आणि दुसऱ्यातलं सूर-चेहरा प्रमाण जोडून तीन आकडे काढले गेले. आणि ज्या ५५ टक्क्यांच्या जोरावर हात कसे ठेवा, पाय कसे ठेवा, खुर्चीत कसे बसा हे शिकवलं जातं, त्या ५५ टक्क्यांत हात, पाय, खुर्ची काहीच नव्हतं. होते ते फक्त चेहऱ्याचे फोटो.

मेहरेबियन यांनी स्वतः पुढे स्पष्ट लिहून ठेवलं की ही समीकरणं भावना आणि आवड-नावड व्यक्त करण्यापुरती आहेत. बोलणारा स्वतःच्या भावनांबद्दल बोलत नसेल तर ती लागू होत नाहीत. ज्याचं नाव घेऊन दावा करायचा त्याचीच अट गाळायची, हे मला शिक्षक म्हणून फार खटकतं.

अट पाळली तर निष्कर्ष खरा आहे, तेही सांगायला हवं. सासूबाई कपाळाला आठ्या घालून ‘छान झालीय हं भाजी’ म्हणाल्या तर भाजी कशी झालीय ते सुनेला कळतं. शब्द आणि सूर यांचं भांडण असेल आणि प्रश्न मनातल्या भावनेचा असेल, तेव्हा आपण सुराकडे आणि चेहऱ्याकडे बघतो. इतकंच. पण बहुतेक संवादांत हे भांडण नसतंच, आणि मग टक्के वाटत बसण्याला अर्थ उरत नाही. भाकरीत पिठाचा वाटा किती टक्के आणि जाळाचा किती, असं कुणी विचारत नाही.

‘काय बोलता याला किंमत नाही’

दिंडोरी-निफाडच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला हे वाक्य ऐकवून बघा. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधाचे अंश सापडल्यामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. कुठलं औषध, किती प्रमाणात, तोडणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, हे सल्लागाराने कितीही प्रसन्न चेहऱ्याने सांगितलं तरी औषधाचं नाव आणि दिवसांचा आकडा चुकला तर माल गेला. लासलगावच्या लिलावात कांद्याला पुकारलेला भाव हा शब्दच असतो आणि शेतकऱ्याच्या हातात तोच पडतो. बागेत उभं राहून वाशीच्या व्यापाऱ्याशी फोनवर सौदा होतो तेव्हा चेहरा, हात, उभं राहणं काही दिसत नाही. सूत्राप्रमाणे निम्म्याहून जास्त संवाद गायब व्हायला हवा. सौदा तर रुपयापर्यंत ठरतो.

आपल्याच शहरातलं आणखी एक उदाहरण. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं. नोकरी, शेती, घर सांभाळून लाखो लोक तिथे शिकले, ते मुख्यतः घरपोच आलेल्या छापील पुस्तकांवर. छापील पानाला ना सूर ना चेहरा. शब्दांत ७ टक्केच असतं तर या माणसांना पदवीपर्यंत कुणी नेलं?

संशोधनाचंच बोलायचं तर एका प्रयोगाची स्लाइड मला हव्या तितक्या वेळा दाखवायला आवडेल. डे राउटर, मिटरर आणि एनफिल्ड या भाषेच्या अभ्यासकांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. आपण गप्पा मारताना समोरच्याचं बोलणं कुठे संपणार हे आधीच ओळखतो, म्हणून आपलं उत्तर क्षणात येतं. हे ओळखतो कशावरून? त्यांनी डच संभाषणांचे तुकडे घेतले. काहींत आवाजाचा चढउतार सपाट केला पण शब्द तसेच ठेवले. ऐकणाऱ्यांनी शेवट जवळपास तितक्याच अचूकपणे ओळखला. काहींत चढउतार ठेवला पण शब्द कळेनासे केले, अंदाज ढासळले. गप्पांची लय म्हणून जे आपल्याला जाणवतं त्याच्या तळाशीसुद्धा शब्द आणि वाक्यरचना होती.

आणि हातवारे म्हणजे नेहमी ‘शब्दांवाचून’ असंही नाही. कर्णबधिरांच्या खुणांच्या भाषेत हात हेच शब्द असतात, त्यांना व्याकरण असतं. अमेरिकन खुणांच्या भाषेबद्दल भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोको यांनी हे १९६० सालीच मांडलं.

‘देहबोली कधी खोटं बोलत नाही’

या वाक्याने सर्वांत जास्त नुकसान होतं. बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली खरं-खोटं ओळखण्याच्या शेकडो प्रयोगांची एकत्र तपासणी केली. लोकांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर आला. नाणं उडवलं तर ५० येतात. नजर चुकवणं, चुळबुळ, अडखळणं या ज्या खुणांवर सगळ्यांचा भरवसा असतो, त्या खोटेपणाशी फारच सैल जोडलेल्या आहेत. घाबरलेला खरा माणूसही चुळबुळतो.

आता हे आपल्या जिल्ह्यात आणून बघा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातून आलेली, घरी कोकणा बोलणारी मुलगी मुलाखतीला बसते. मोठ्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायचं नाही, हे तिचं घरचं वळण. बागलाणकडचा, अहिराणीत वाढलेला मुलगा प्रमाण मराठी आणि इंग्रजीच्या मध्ये थबकतो. समोरच्याच्या डोक्यात ‘देहबोली खोटं बोलत नाही’ पक्कं बसलेलं असेल तर तो या दोघांच्या कागदावर ‘आत्मविश्वास नाही’ लिहून मोकळा होतो. तिने लेथवर काय काम केलंय, त्याने मोटर कशी दुरुस्त केली, हे विचारलंच जात नाही. अदब हा दोष ठरतो आणि कौशल्य ऐकलंच जात नाही. मला याचा संताप येतो.

‘शब्दांवर वेळ घालवू नका’

उलट तिथेच घालवा. टाय नीट बांधा, सरळ बसा, हसून नमस्कार करा. एका दुपारचं काम आहे. स्वतःच्या प्रोजेक्टबद्दल सलग आठ-दहा वाक्यं बोलता येणं हे एका दुपारचं काम नाही. काय करायचं होतं, काय अडलं, ते कसं सोडवलं, कोणतं मोजमाप घेतलं, हे आधी ज्या बोलीत स्वप्न पडतं तिच्यात सांगा. मग प्रमाण मराठीत, मग इंग्रजीत. मित्राला ऐकवा आणि त्याला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. त्याने जे गाळलं ते तुम्ही नीट सांगितलेलं नव्हतं. सार्वजनिक वाचनालयात बसून आपल्या विषयातलं वाचा, मे महिन्यात गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेला जा आणि वक्ता एक मुद्दा दुसऱ्याला कसा जोडतो ते ऐका.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून मुलाखती घ्यायला येणाऱ्यांना माझी विनंती आहे: पहिली पाच मिनिटं मुलांना त्यांच्या भाषेत, त्यांनी हाताने केलेल्या कामाबद्दल बोलू द्या, आणि तोवर शेऱ्याचा रकाना कोरा ठेवा.