अठरा खुर्च्या, अठरा बायका

यवतमाळची मावशी फोन ठेवताना हमखास म्हणते, "तुमच्या तिकडं बरं आहे बापा, बाईचं ऐकतात तरी." स्टॉकहोमला येऊन मला पंधरा वर्षं झाली. सुरुवातीला मी यावर हो म्हणायचे. आता विषय बदलते.

परवा मात्र विषय बदलता आला नाही. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एका बाईच्या जुन्या तक्रारीवरून नेहमीची खडाजंगी चालली होती आणि एका भावाने नेहमीचाच प्रश्न टाकला: "इतकी वर्षं गप्प का होती?" खाली सात अंगठे. मी इथली एक गोष्ट सांगायला बसले, पण ती गटात मावण्यासारखी नव्हती.

साहित्याचं नोबेल ठरवणाऱ्या स्वीडिश अकादमीत अठरा खुर्च्या आहेत. राजा तिसऱ्या गुस्तावने १७८६ साली ती स्थापन केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'दागेन्स न्यूहेतर' या दैनिकात माटिल्डा गुस्तावसन या पत्रकार बाईंचा लेख आला. त्यात अठरा बायकांनी एकाच माणसावर लैंगिक अत्याचाराचे आणि छळाचे आरोप केले होते. आकडा जुळला हा योगायोग, पण मला तो विसरता येत नाही. तो माणूस अकादमीतल्या एका कवयित्रीचा नवरा. शहरात त्याचं एक सांस्कृतिक केंद्र होतं, तिथे कार्यक्रम व्हायचे, लेखकमंडळी जमायची आणि त्याला अकादमीचा पैसा मिळायचा. नव्या लेखिकेने या माणसाशी वाकडं घेणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुठल्याही नवोदित कवयित्रीला समजावून सांगायला नको.

गंमत म्हणजे त्या लेखात त्याचं नाव नव्हतं. इथली वर्तमानपत्रं निकालाआधी सहसा नाव छापत नाहीत. अख्ख्या शहराला माहीत असलेल्या माणसाला ती महिनोन्‌महिने 'सांस्कृतिक क्षेत्रातली व्यक्ती' म्हणत राहिली. मला आधी हसू आलं. मग आपल्या वाहिन्या आठवल्या. तिथे पीडितेचं नाव छापायला कायद्याने बंदी, म्हणून तिची गल्ली, तिची शाळा, तिच्या दाराचा रंग दाखवतात. हसू ओसरलं.

आता भावाचा प्रश्न. त्या बायका गप्प नव्हत्या. त्याच केंद्राबद्दलच्या तक्रारी 'एक्सप्रेसेन' या इथल्या दुसऱ्या दैनिकाने १९९७ सालीच छापल्या होत्या. अकादमीलाही त्याआधी एका बाईचं पत्र गेलं होतं. पत्र वाचलं गेलं आणि बाजूला ठेवलं गेलं. पुढची वीस वर्षं कार्यक्रम आणि अनुदान सुरूच. वीस वर्षं गप्प कोण होतं, हे गटात विचारावंसं वाटतं.

पुढचं बऱ्याच जणांना ठाऊक असेल. अकादमीच्या पहिल्या स्त्री-सचिव सारा दानियस यांनी त्या माणसाशी संबंध तोडले, वकिलांकडून चौकशी करवली, आणि एप्रिल २०१८ मध्ये पद त्यांनाच सोडावं लागलं. त्या गळ्याशी फितीची गाठ असलेला ब्लाउज घालायच्या. पुढच्या आठवड्यात जुन्या शहरातल्या चौकात, अकादमीच्या दारात, तसेच ब्लाउज घालून लोक जमले, काही पुरुषसुद्धा. त्या वर्षी साहित्याचं नोबेल जाहीरच झालं नाही. वर्ष संपायच्या आत तो माणूस बलात्कारासाठी दोषी ठरला. दानियस २०१९ मध्ये कर्करोगाने गेल्या.

म्हणजे मावशी म्हणते तेच खरं? थांबा. त्याच सुमारास इन्स्टाग्रामवर एका नामांकित पत्रकाराचं नाव घेऊन बलात्काराचा आरोप करणाऱ्या स्तंभलेखिकेला स्टॉकहोमच्या न्यायालयाने २०१९ मध्ये बदनामीसाठी दोषी ठरवलं. त्याने आरोप नाकारला होता. अशी शिक्षा झालेली ती एकटी नाही. इथल्या कायद्यात नुसतं खरं बोलणं पुरत नाही. ते जाहीर बोलणं समर्थनीय होतं का, हे आधी पाहतात. जगाला समतेचे धडे देणारा देश आहे हा, आणि लग्नातला बलात्कार त्याने १९६५ सालीच गुन्हा ठरवला. आपल्या नव्या न्यायसंहितेत, २०२४ मध्येही, त्याला सूट आहे. तरीही बदनामीच्या खटल्यात मला दिल्ली बरी वाटली.

पत्रकार प्रिया रमाणी यांनी २०१८ मध्ये लैंगिक छळाच्या आरोपात एम. जे. अकबर यांचं नाव घेतलं. अकबर तेव्हा केंद्रात मंत्री होते. आणखीही बऱ्याच पत्रकार बायका बोलल्या. अकबर यांनी सारे आरोप नाकारले, बदनामीचा खटला भरला आणि मंत्रिपद सोडलं. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने रमाणी यांना निर्दोष सोडलं. बाई आपली तक्रार कुठल्याही व्यासपीठावर, दशकांनंतरही मांडू शकते, आणि तिच्या प्रतिष्ठेचा बळी देऊन कुणाची अब्रू राखता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. निकालाला पुढे आव्हान दिलं गेलं आहे. पण भावाच्या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मी स्वीडिशमध्ये अजून वाचलेलं नाही.

मराठी साहित्याकडे वळलं की मात्र माझा सूर खाली येतो. २०२५ च्या दिल्लीच्या संमेलनापर्यंत अठ्ठ्याण्णव संमेलनं झाली. त्यांत अध्यक्ष बायका सहा: कुसुमावती देशपांडे, दुर्गाबाई, शांताबाई, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, तारा भवाळकर. आणि ज्या विदर्भातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली, वर्तमानपत्रांतून बायकांवर झोडल्या जाणाऱ्या दूषणांनी चिडून, 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली, तिथेच, माझ्या यवतमाळात, जानेवारी २०१९ मध्ये लेखिका नयनतारा सहगल यांना संमेलनाच्या उद्घाटनाला बोलावून मग "येऊ नका" असं कळवण्यात आलं. इंग्रजीत लिहितात म्हणून विरोध झाला होता. त्यांचे वडील रणजित पंडित मराठी, हे सोडाच. वय किती, तर नव्वदी पार! शेवटी आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांनी उद्घाटन केलं. निवड चांगलीच होती, पण एका बाईला दार लावायला दुसऱ्या बाईची ढाल का लागावी? अध्यक्षपदावरून अरुणाताईंनी निमंत्रण मागे घेणं चूक होतं, असं स्पष्ट सांगितलं. माझा जीव जरा भांड्यात पडला.

सहगल यांचं न झालेलं भाषण वर्तमानपत्रांनी छापलं. मावशी मंडपात जाऊन आली होती. त्या महिन्यात तिने पाठवलेल्या मेतकुटाच्या डब्यावर तेच पान गुंडाळलेलं होतं. मुद्दाम की हाताला लागलं म्हणून, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. तेलाच्या डागांमधून जेवढं वाचता आलं तेवढं मी ओट्यापाशी उभ्या उभ्या वाचलं.