पिकतं तिथं विकत नाही, पर्लमध्ये तर नाहीच

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपला मी बिलांचा प्रोग्रॅम करून दिलाय, पर्ल ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. परवा रात्री मालकांचा फोन, "बाराशे पन्नासचं बिल रद्द केलो तर पाचशे एकवीस दाखवालंय की गा!" म्हटलं चहा टाकून बघतो, आणि चहावर साय धरली तरी मी बघतच होतो.

झालं असं की बिल रद्द करायच्या फंक्शनला मी नाव दिलेलं रिव्हर्स, अकाउंटवाले म्हणतातच ना एंट्री रिव्हर्स करा म्हणून, पण रिव्हर्स पर्लचं स्वतःचं पण आहे आणि त्याच्याकडे एकच उत्तर मागितलं की ते आकड्याची अक्षरंच उलटी करून देतं, 1250 चं 0521. बरं, वॉर्निंग येत होती. अँबिग्युअस कॉल आहे, मी कोअरवालं, म्हणजे पर्लचं मूळचं, रिव्हर्स धरलंय, तुमचं पाहिजे तर नावाआधी अँपरसँड (& हे चिन्ह) लावा, इतकं सगळं स्वच्छ सांगत होती बिचारी. महिनाभर रोज. पण तोवर एकही बिल रद्द झालं नव्हतं, आणि वॉर्निंग म्हणजे आपल्याला खानापूर रोडवरचा 'सावकाश जा' बोर्ड.

राग वेगळ्याच गोष्टीचा आला. हेच फंक्शन मी दुसऱ्या फाईलीत लिहून इम्पोर्ट केलं असतं तर पर्लनं मुकाट्यानं माझंच ऐकलं असतं, वॉर्निंगसुद्धा नाही! घरच्याला कोण विचारत नाही, बाहेरून आला की पाट-रांगोळी. पर्ल काढणारे लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकलेले, त्यांना आमची म्हण कुणी सांगितली कुणास ठाऊक.

तशी नावांची टक्कर बेळगावच्या माणसाला नवी नाही म्हणा. कोल्हापूरचे आमचे काका एकदा माझ्याबरोबर ह्याच वर्कशॉपला आले, गेटवरचा म्हातारा वॉचमन हात करून "बा, बा" म्हणाला, म्हणजे कन्नडमध्ये ये ये, तर काका माझ्या कानात, "अरे, ह्याचा बा मी कधी झालो?" तिथं वॉर्निंग द्यायला मी तरी होतो.

स्वतःच्याच फंक्शनला अँपरसँडची चिठ्ठी लावायची म्हणजे जिवावर आलं, म्हणून नावच बदललं. कुठल्याच कोअरमध्ये सापडणार नाही असं अस्सल मराठी, 'नको'. टेस्टिंगला मालकांचा मुलगा व्हिडिओ कॉलवर होता, म्हणाला, "सर, बेड ठेवायचं होतं की, आमच्या कन्नडमध्ये नकोला बेड म्हणतात."

रात्रीचा दीड वाजलेला. बेड म्हटल्यावर मला दुसरं काय दिसणार?